‘शून्यलब्धि’ आणि कलनाच्या मराठी संज्ञा

ज्या गणितास इंग्रजींत कॅल्क्युलस म्हणतात, त्याच्या पहिल्या शाखेस मराठी वाचकांनीं गेल्या पावणेदोनशें वर्षांत निदान तीन नांवांनीं ओळखलें आहे. आरंभीं ‘शून्यलब्धि’, पुढें काशीकडून आलेलें ‘चलनकलन’, आणि सांप्रत ग्रंथांतून रूढ झालेलें ‘अवकलन’. आमच्या मराठवाड्यांत निजामी अमलामुळें आणखी एक नांव मध्यें येऊन गेलें, तें ‘इहसा’. एका शास्त्रास चार नांवें मिळावीं आणि त्यांतील एकाचाही इतिहास शिकणाऱ्यास सांगितला जाऊं नये, ही गोष्ट आम्हांस बरी वाटत नाहीं. म्हणून हा लेख.

गणिताच्या पुस्तकांच्या शेवटीं पारिभाषिक शब्दांच्या एकेका ओळींत व्याख्या देण्याचा प्रघात आहे. विद्यार्थी त्या ओळी पाठ करितो आणि शास्त्र समजलें असें मानतो. परंतु संज्ञा निराळी व लक्षण निराळें. संज्ञा ही व्यवहाराची खूण होय. लक्षण हें वस्तूचा असाधारण धर्म सांगतें. आमच्या नैयायिकांनीं लक्षणाचे तीन दोष फार पूर्वीं निश्चित करून ठेविले आहेत. जें लक्ष्याबाहेरही जाऊन पडतें तें अतिव्याप्त, जें लक्ष्याच्या एखाद्या भागास सोडतें तें अव्याप्त, आणि जें लक्ष्यांत कोठेंच सांपडत नाहीं त्यास असंभव दोष लागतो. संज्ञांचीही त्यांनीं अशीच वांटणी केली. जिचा अर्थ अवयवांवरून कळतो ती यौगिक, अवयव कांहींही असले तरी व्यवहारानें जिचा अर्थ ठरतो ती रूढ, आणि जींत दोन्ही आहेत ती योगरूढ, जशी ‘पंकज’. या चार नांवांची परीक्षा करण्यास याहून चांगली कसोटी आम्हांस ठाऊक नाहीं.

प्रथम शून्यलब्धीकडे वळूं. १८२२ मध्यें मुंबईस शिक्षणमंडळी स्थापन झाली आणि कॅप्टन जॉर्ज जर्विस याच्या देखरेखीखालीं अंकगणित, बीजगणित, भूमिति यांचीं पुस्तकें मराठींत होऊं लागलीं. मोजणीचे लोक तयार करणें हा सरकारचा उद्देश होता. परंतु या निमित्तानें मराठी भाषेस पश्चिमेच्या गणिताशीं पहिला सामना करावा लागला. या कामांत ज्या शास्त्री मंडळींनीं हात घातला, त्यांत बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांचें स्थान अगदीं निराळें आहे. ‘दर्पण’ पत्राचे संपादक म्हणून त्यांची कीर्ति सर्वत्र आहे. पण एल्फिन्स्टन संस्थेंत ते गणिताचे अध्यापक होते, कुलाब्याच्या वेधशाळेचें कामही त्यांनीं पाहिलें, आणि केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखा गणिती त्यांच्या हाताखालीं तयार झाला, हें फार थोड्यांच्या लक्षांत असतें. अवघें चौतीस वर्षांचें आयुष्य लाभलेल्या या पुरुषाच्या ग्रंथांच्या यादींत व्याकरण, भूगोल, इतिहास, नीतिकथा यांच्या पंक्तींत ‘शून्यलब्धि’ हें नांव आहे. मराठींत अद्याप कादंबरी लिहिली गेली नव्हती, तेव्हां हें शास्त्र मराठींत आलें होतें.

शून्यलब्धि म्हणजे काय? लब्धि म्हणजे भागाकार. शून्यास शून्यानें भागून जी लब्धि मिळते ती शून्यलब्धि. हें ऐकून आजचा शिक्षक चमकेल. पण उदाहरण घेतलें म्हणजे नांवांतील मर्म कळतें. दहा हात बाजूचें एक चौरस शेत आहे. क्षेत्रफळ १०० चौरस हात. बाजू एक हातानें वाढविली तर क्षेत्रफळ १२१ होतें, म्हणजे २१ नीं वाढतें; वाढीस वाढीनें भागिलें तर लब्धि २१. बाजू हाताच्या दहाव्या भागानें वाढविली तर क्षेत्रफळाची वाढ २.०१, आणि लब्धि २०.१. शतांशानें वाढविली तर लब्धि २०.०१. वाढ जों जों लहान करावी तों तों लब्धि २० च्या जवळ जाते. वाढ अगदीं नाहींशी झाली, तर भाज्यही शून्य आणि भाजकही शून्य. परंतु लब्धि मात्र २० च राहिली पाहिजे असें बुद्धि सांगते. ती २० ही शून्यलब्धि होय. न्यूटनाच्या परंपरेंत हाच विचार असे, आणि तो विचार दोन संस्कृत शब्दांत ज्यानें बांधला त्याच्या भाषाप्रभुत्वाविषयीं आम्हांस आदर वाटतो. इंग्रजी नांवाचें तें भाषांतर नव्हे. इंग्रजींत ‘फरकांचें गणित’ अशा अर्थाचा शब्द आहे. मराठी शास्त्र्यानें शब्द बाजूस ठेवून वस्तूस नांव दिलें.

आणि हें नांव अगदीं उपरेंही नव्हतें. लीलावती ज्यानें गुरुमुखें वाचली आहे त्यास तेथील शून्यपरिकर्म आठवेल. भास्कराचार्य सांगतात कीं, एखाद्या राशीस शून्यानें गुणावयाचें असून पुढें आणखी कृति शिल्लक असेल, तर गुणाकार शून्य म्हणून टाकून देऊं नये. तो राशि ‘खगुण’ या रूपानें तसाच जपून ठेवावा. पुढें शून्यानेंच भागावयाचें आलें तर तो राशि अविकृत समजावा. त्यांनीं दिलेलें उदाहरण असें : एका राशीस शून्यानें गुणिलें, त्यांत त्याचेंच अर्ध मिळविलें, तिहींनीं गुणिलें आणि शून्यानें भागिलें, तों ६३ आले, तर तो राशि कोणता? उत्तर १४. चौदांत सात मिळविले म्हणजे एकवीस, त्याची तिप्पट त्रेसष्ट, आणि शून्य गुणक व शून्य भाजक एकमेकांस खाऊन गेले. अशा गणिताचा ग्रहगणितांत मोठा उपयोग आहे, असेंही आचार्य तेथेंच सुचवितात. लीलावतीच्या अनेक अध्यापकांस हें उदाहरण पोरकट वाटतें व ते तें गाळतात. आमच्या मतें तें गाळणें म्हणजे त्या प्रकरणाचा प्राण काढणें होय. ज्या शास्त्र्यांच्या कानांत लहानपणापासून खगुण व खहर हे शब्द घुमत होते, त्यांनीं न्यूटनाचें गणित पाहतांच शून्यलब्धि म्हणावें, यांत आश्चर्य नाहीं. हें आमचें अनुमान आहे, आणि तें अनुमान म्हणूनच वाचकांनीं घ्यावें.

ग्रहगणितांत उपयोग आहे, असें आचार्य कां म्हणाले? याचें उत्तर सिद्धांतशिरोमणीच्या स्पष्टाधिकारांत आहे. शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, हा ग्रंथ त्यांनीं पूर्ण केला. ग्रहाची आजची व उद्यांची स्थिति यांतील अंतर ही त्याची दैनंदिन गति. ती स्थूल होय. चंद्र एका दिवसांत सरासरी सुमारें ७९० कला चालतो, आणि ती चाल दिवसभर सारखी नसते. तिथीचा अंत केव्हां हें काढतांना सगळ्या दिवसाची गति धरली तर चूक होते. म्हणून त्या क्षणाची गति पाहिजे. तिला आचार्यांनीं ‘तात्कालिकी गति’ असें नांव दिलें, आणि ती काढण्याची रीति सांगितली : कोटिज्येस गतीनें गुणून त्रिज्येनें भागावें, म्हणजे ज्येच्या तात्कालिक वाढीचें मान येतें. अशा स्वरूपाचा संस्कार मुंजालाच्या शके ८५४ च्या लघुमानसांतही आहे. परंतु तात्कालिक गतीची कल्पना स्पष्ट करून तिची उपपत्ति वासनाभाष्यांत मांडण्याचें श्रेय भास्कराचार्यांचें.

आंकड्यांवरून पाहूं. जुन्या ज्योतिषांत त्रिज्या ३४३८ कला धरितात आणि नव्वद अंशांचे चोवीस भाग पाडून प्रत्येकाची ज्या देतात. तीस अंशांची, म्हणजे आठवी, ज्या १७१९ आहे. तिच्या मागची १५२० आणि पुढची १९१०. मागचें अंतर १९९, पुढचें १९१. आतां बरोबर तीस अंशांवर असतां ज्या कोणत्या मानानें वाढत आहे? १९९ म्हणावें तर तें गेलेल्या भागाचें मान; १९१ म्हणावें तर तें येणाऱ्या भागाचें. आचार्यांची रीति लावावी : तीस अंशांची कोटिज्या २९७७, तिला २२५ नीं गुणून ३४३८ नीं भागिलें म्हणजे सुमारें १९५ येतात. गेलेलें नव्हे, येणारें नव्हे, त्या स्थानाचें. आम्हीं हीं तीन अंतरें फळ्यावर एकाखालीं एक मांडून दाखवीत असूं, आणि ज्या मुलांस पुस्तकांतली व्याख्या दहा वेळां वाचून कळत नसे, त्यांस ती यानंतर समजावून सांगावी लागत नसे.

येथें एका मराठी पंडिताचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. बापूदेव शास्त्री (१८२१–१८९०) हे परांजपे घराण्यांतले. नागपुरास त्यांचें प्रथम शिक्षण झालें. विल्किन्सन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्यांची बुद्धि पाहून त्यांस सिहोरच्या संस्कृत पाठशाळेंत नेलें, आणि तेथून ते काशीच्या संस्कृत महाविद्यालयांत गणित-ज्योतिषाचे अध्यापक झाले. १८५८ मध्यें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांनीं एक छोटासा लेख लिहून प्रतिपादिलें कीं, भास्कराचार्यांस कॅल्क्युलसचें मूलतत्त्व ठाऊक होतें. तात्कालिक गतीची रीति त्यांनीं पुढें केली, आणि तिच्या जोडीस आणखी एक प्रमाण दिलें : जेथें ग्रहाचें फल परम होतें, तेथें गतिफलाचा अभाव असतो, असें आचार्य म्हणतात. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर, राशि जेथें महत्तम तेथें त्याचा अवकलज शून्य.

या लेखास लंडनहून विल्यम स्पॉटिस्वुड या गणितज्ञानें १८६० मध्यें उत्तर दिलें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, भास्कराचार्यांची सूक्ष्मदृष्टि अत्यंत असामान्य आहे, रीतीचें साम्यही वरवरचें नाहीं. परंतु कालाचें अंतर वाटेल तितकें लहान करावयाचें, हा जो या शास्त्राचा गाभा, त्याचा स्पष्ट उच्चार तेथें आढळत नाहीं. त्या वेळेपासून आजतागायत या वादांत दोन पक्ष आहेत, आणि दोन्हीकडे अभिनिवेश फार. एका पक्षास भास्कराचार्यांनीं न्यूटनाच्या आधीं पांचशें वर्षें सारें शास्त्र रचलें असें म्हटल्यावांचून चैन पडत नाहीं. दुसऱ्यास हिंदूंनीं कांहीं शोधलें असें म्हणतांना जीभ जड होते. नैयायिकांची कसोटी लावली म्हणजे हा वाद पुष्कळसा मिटतो. भास्कराचार्यांच्या हातीं लक्ष्य होतें. लक्षण त्यांनीं केलें नाहीं. वस्तु त्यांनीं ओळखली, तिला यथार्थ नांव दिलें, तिचा उपयोग बरोबर केला. पण ‘तात्कालिक’ म्हणजे नेमकें काय, याची निर्दोष व्याख्या त्यांच्या ग्रंथांत नाहीं. लक्ष्याविषयीं बापूदेव खरे, लक्षणाविषयीं स्पॉटिस्वुड खरा. आणि ज्यांस यांत आचार्यांचा कमीपणा वाटेल त्यांनीं ध्यानांत धरावें कीं, तें लक्षण न्यूटनाजवळही नव्हतें आणि लाइब्निझाजवळही नव्हतें. बर्कले नांवाच्या ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यानें १७३४ मध्यें याच एका छिद्रावर बोट ठेवून विलायतेंतील गणित्यांस पुरेसें सतावलें होतें. वाढ शून्य नाहीं असें म्हणून भागितां, आणि भागून झाल्यावर ती शून्य आहे असें म्हणून टाकितां, हा कोठला न्याय? त्याचें उत्तर देण्यास पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लागला.

सह्याद्रीच्या दक्षिण टोंकास केरळांत माधव व त्याच्या शिष्यपरंपरेनें चौदाव्या ते सोळाव्या शतकांत याच्याही पुढें मजल मारली, आणि ज्येष्ठदेवाच्या मलयाळम् युक्तिभाषेंत अनंत श्रेढींच्या उपपत्ति दिल्या आहेत. तो विषय स्वतंत्र आहे. आमच्या कामापुरतें इतकेंच कीं, वाटेल तितके लहान तुकडे करून त्यांची बेरीज घेण्यास तेथें ‘संकलित’ हा शब्द आहे. भास्कराचार्यांनींही गोलाचें पृष्ठफळ काढतांना गोलाचीं वलयें कल्पून त्यांची बेरीज घेतली, आणि लल्लाची या विषयांतील चुकीची रीति परखडपणें खोडून काढली. कॅल्क्युलसच्या दुसऱ्या शाखेस मराठींत कोणी ‘समाकलन’ म्हणतात, कोणी ‘संकलन’. दुसऱ्या शब्दास एवढी जुनी परंपरा असतां तो मागें पडावा, याचें आम्हांस वाईट वाटतें.

आतां निर्दोष लक्षणाकडे येऊं. १८२१ मध्यें पॅरिस येथें कोशी यानें आपल्या पाठांत ‘सीमा’ या कल्पनेवर सारें शास्त्र उभारलें, आणि पुढें त्याच शतकांत बर्लिनच्या वायरश्ट्रासनें तिला आजचें घट्ट रूप दिलें. तें रूप आमच्या वादपद्धतीस इतकें जवळचें आहे कीं, आम्ही तें पूर्वपक्ष व सिद्धांत म्हणूनच शिकवीत असूं. पूर्वपक्षी म्हणतो, लब्धि २० पासून हजारांशाहून अधिक दूर जातां कामा नये. सिद्धांती उत्तर देतो, बरें तर, बाजूची वाढ हजारांशाहून लहान ठेवा, म्हणजे झालें. पूर्वपक्षी लक्षांश म्हणाला तर सिद्धांती लक्षांशाहून लहान वाढ दाखवितो. पूर्वपक्ष्यानें कितीही सूक्ष्म मर्यादा घातली तरी सिद्धांत्याजवळ उत्तर असतें. म्हणून २० ही त्या लब्धीची सीमा. येथें वाढ कधींच शून्य होत नाहीं. शून्यास शून्यानें भागण्याचा प्रसंगच येत नाहीं. बर्कलेचा आक्षेप येथें गळून पडतो.

याच बरोबर ‘शून्यलब्धि’ या नांवांतील दोषही उघडा पडतो. तें नांव यौगिक आहे. तें स्वतःच लक्षण होऊं पाहतें. आणि लक्षण म्हणून पाहिलें तर त्यास असंभव दोष लागतो, कारण शून्यानें भागून येणारी लब्धि अशी वस्तु गणितांत नाहीं. इतकें सुंदर नांव व्यवहारांतून गेलें त्याचें एक कारण हें असावें. कारणें बाहेरचींही होतीं : उच्च शिक्षण इंग्रजींत झालें आणि मराठींत शून्यलब्धि वाचणारा विद्यार्थीच उरला नाहीं.

ज्या एका ओळीच्या व्याख्या मुलें पाठ करितात त्यांचीही हीच परीक्षा करावी. ‘वक्रास एकाच बिंदूंत भेटणारी रेषा ती स्पर्शरेषा’ ही व्याख्या वर्तुळास ठीक. पण परवलयाच्या अक्षास समांतर असलेली रेषा परवलयास एकाच बिंदूंत भेटते व ती स्पर्शरेषा नव्हे, म्हणून अतिव्याप्ति. उलट, य बरोबर क्षचा घन या वक्रास (१, १) या बिंदूंत स्पर्श करणारी रेषा पुढें (−२, −८) या बिंदूंत त्यास पुन्हां भेटते, तरी ती स्पर्शरेषा आहेच, म्हणून अव्याप्ति. दोन्ही दोष एका ओळींत! ‘लेखणी न उचलतां काढतां येतें तें संतत’ ही सांतत्याची व्याख्या तर फारच लोकप्रिय. परंतु १८७२ मध्यें वायरश्ट्रासनें असें एक फलन दाखविलें कीं जें सर्वत्र संतत असून कोठेंही त्यास स्पर्शरेषा नाहीं. तें कोणत्याही लेखणीनें काढतां येणार नाहीं. त्या व्याख्येस तें बाहेरच राहिलें. निर्दोष लक्षण हवें तर असें म्हणावें : बिंदूजवळ येतांना फलनाची जी सीमा तेंच त्या बिंदूवर फलनाचें मूल्य असेल, तर तें तेथें संतत. वाढीच्या लब्धीची, वाढ शून्याकडे जात असतां, जी सीमा तो अवकलज. लहान लहान तुकड्यांच्या बेरजेची, तुकडे शून्याकडे जात असतां, जी सीमा तो समाकल. तीन्ही व्याख्यांत सीमा हा एकच शब्द काम करितो. तो ज्यास कळला त्यास बाकीचें ओळीनें कळतें. आणि तो ज्यास कळला नाहीं त्यास पाठांतराचा उपयोग नाहीं.

आमच्या भागाचा इतिहास मुंबई-पुण्याहून निराळा आहे. हें इस्लापूर ज्या किनवट तालुक्यांत आहे, तो १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यांत, निजामाच्या हैदराबाद राज्याच्या मुलखांत, मोडत होता. घरीं मराठी, बाजारांत तेलुगु, डोंगरांत गोंडी आणि कचेरींत व वरच्या शाळेंत उर्दू, अशी येथील रीत. १९१८ मध्यें हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें, आणि तेथें उच्च गणितसुद्धां उर्दूंतून शिकविलें जाऊं लागलें. त्यासाठीं भाषांतराचें एक मोठें खातेंच सरकारनें उघडलें. देशी भाषेंतून कॅल्क्युलस शिकविण्याचा जो प्रयोग मुंबईस बाळशास्त्र्यांच्या मागें थांबला, तो हैदराबादेंत विसाव्या शतकांत घडला, ही गोष्ट मराठी वाचकांनीं मनाचा संकोच न करितां मान्य केली पाहिजे. भाषा लोकांवर लादलेली होती हें खरें, आणि त्याबद्दल मराठवाड्याचा रोष यथार्थ होता. पण परिभाषा घडविण्याची त्या खात्याची मेहनत खरी होती.

उर्दूंत कॅल्क्युलसला ‘इहसा’ म्हणतात. हा शब्द अरबी, अर्थ मोजणी. अरबी कोशकार त्याचा संबंध ‘हसा’ म्हणजे खडे या शब्दाशीं जोडितात, कारण पूर्वीं खडे मांडून मोजीत. आणि गंमत अशी कीं, लॅटिन ‘कॅल्क्युलस’ याचाही मूळ अर्थ लहानसा खडा! रोमन लोकही खड्यांनींच मोजीत. भाषांतरकारांनीं हें जाणून केलें असेल वा नसेल, पण शब्द शब्दाच्या इतका नेमका वजनास उतरल्याचीं उदाहरणें थोडीं. दुसरें एक उदाहरण याहून चमत्कारिक. उर्दू त्रिकोणमितींत ज्येस ‘जैब’ म्हणतात. हा मूळचा आमचा ‘जीवा’ शब्द. अरबांनीं तो ‘जीब’ असा उचलला. अरबी लिपींत स्वर लिहीत नाहींत म्हणून पुढें तो ‘जैब’, म्हणजे वस्त्राची घडी वा खिसा, असा वाचला गेला. लॅटिनांत त्याचें ‘सायनस’ झालें आणि त्यावरून इंग्रजी ‘साइन’. म्हणजे उज्जयिनीहून निघालेली जीवा बगदादमार्गें निजामाच्या शाळेंत जैब होऊन परतली, आणि मुंबईच्या शाळेंत विलायतेहून साइन होऊन. दोन्ही ठिकाणच्या मुलांस ती परकीच वाटली.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी संस्थान संपलें आणि उर्दू परिभाषाही त्याबरोबर गेली. १९५० मध्यें नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें, १९५८ मध्यें औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ; पण तेथें कॅल्क्युलस इंग्रजींतूनच शिकविलें गेलें. मराठींत या शास्त्राचीं आजचीं नांवें शाळेंतून नव्हे, तर कोशांतून आलीं. मराठी विश्वकोशाच्या १९७६ च्या पहिल्या खंडांत ‘अवकलन व समाकलन’ अशी नोंद आहे.

मध्यंतरीं काशीस बापूदेवांच्या परंपरेंत ‘चलनकलन’ हा शब्द चालत होता. त्यावर बापूदेवांनीं संस्कृत श्लोकही केले, आणि त्यांच्या मागून सुधाकर द्विवेदी यांनीं ‘चलनकलन’ व ‘चलराशिकलन’ या नांवांनीं हिंदींत दोन ग्रंथ लिहिले. चलनाचें, म्हणजे गतीचें, कलन : भास्कराचार्यांच्या तात्कालिक गतीशीं याचा सांधा अगदीं नीट जुळतो, आणि शून्यलब्धीप्रमाणें असंभव दोषही लागत नाहीं. निवड आमच्या हातीं असती तर आम्ही हेंच नांव ठेविलें असतें. ‘अवकलन’ याविषयीं आमचें मत फारसें अनुकूल नाहीं. ‘अव’ या उपसर्गावरून खालीं जाणें, कमी होणें, यांहून अधिक कांहीं सुचत नाहीं. तें केवळ रूढ नांव आहे. तथापि रूढ नांवासही एक गुण असतो, आणि तो आम्हीं सीमेवरच्या गांवीं राहून पाहिला. येथून कांहीं कोसांवर तेलंगणांत तेलुगु विद्यार्थी जें शिकतो त्यासही अवकलनम् व समाकलनम् हेंच म्हणतो, आणि हिंदीचा विद्यार्थीही अवकलनच म्हणतो. ज्या तालुक्यांत एका घरांतील एक मुलगा नांदेडास व दुसरा आदिलाबादेस शिकावयास जातो, तेथें दोघांच्या तोंडीं एक शब्द असणें ही लहान सोय नव्हे. म्हणून तें नांव बदलावें असें आम्ही म्हणत नाहीं. लक्षण निर्दोष असलें म्हणजे संज्ञा रूढ असली तरी चालते. पंकज चिखलांत उगवलें कीं नाहीं हें पाहून कोणी कमळ हुंगत नाहीं.

ज्यांस हें सारें दूरच्या काळचें वाटेल त्यांस एक स्थळ सांगतों. चाळीसगांवाजवळ पाटण येथील देवळांत शके ११२८ चा शिलालेख आहे. तो डॉक्टर भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणिला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होता, त्यानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून तेथें मठ स्थापिला, आणि निकुंभ घराण्यांतील सोइदेवानें त्यास उत्पन्न लावून दिलें. तात्कालिक गति मराठी मुलखांत शिकविली जात होती, त्याची ही नोंद दगडावर आहे. शून्यलब्धि व इहसा यांची नोंद मात्र कागदावरच आहे, आणि तो कागद फार काळ टिकणारा नाहीं.

यास्तव मंडळाच्या सभासदांस व वाचकांस आमची एक विनंति आहे. किनवट, हदगांव, भोकर, मुदखेड या बाजूच्या जुन्या घरांत उस्मानियांत शिकलेल्या वडीलधाऱ्यांच्या गणिताच्या उर्दू वह्या माळ्यावर पडून असण्याचा संभव आहे. उर्दू वाचतां येत नाहीं म्हणून त्या रद्दींत घालूं नयेत. पहिल्या पानावरील नांव व साल उतरून घ्यावें, आंकडे व आकृति असलेलीं चार पानें पाहून ठेवावीं, आणि वह्या मंडळाच्या दप्तरखान्याकडे पाठवाव्या. तसेंच मुंबई छापाचें जुनें शून्यलब्धीचें पुस्तक कोणाच्या संग्रहीं असेल तर त्याची छायाप्रत मिळाल्यास, त्यांतील परिभाषेची यादी करून ती याच त्रैमासिकांत छापण्याचें काम आम्ही अंगावर घेण्यास तयार आहों.